ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: घरी बदलावं की गॅरेजला द्यावं?

इंजिन ऑइल स्वतः बदलायला लागलं की माणसाची नजर हमखास गिअरबॉक्सकडे वळते. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट हातात पडलं की तर नक्कीच. हेही काम घरी होतं. पण ते तुम्ही करावं का, हे तुमच्या हातापेक्षा गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे आणि त्यात ऑइलची पातळी तपासायची सोय कशी ठेवलीय, यावर जास्त ठरतं.

आधी गिअरबॉक्स ओळखा, कारण आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या सगळ्याच गाड्यांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. २०१४च्या सेलेरिओपासून मारुतीने घरोघरी नेलेला एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर गाडी स्वतः बदलते. त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल) नसतं, साधं गिअर ऑइल असतं. पोलो जीटीमधला सात गिअरचा सुक्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) घरच्या प्रयोगातून सरळ वगळा. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, सीव्हीटीचंच ऑइल लागतं. त्यातला धातूचा पट्टा पुलीवर किती घट्ट पकड धरतो हे ऑइलवर अवलंबून असतं, त्यामुळे तिथे चुकून एटीएफ ओतलं तर गिअरबॉक्सच जातो. उरला टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा) नेहमीचा ऑटोमॅटिक: इनोव्हा क्रिस्टा, क्रेटाचं डिझेल, २०२२ नंतरची सहा गिअरची अर्टिगा. घरी की गॅरेज हा खरा प्रश्न यांचा आणि काही सीव्हीटींचा.

जुन्या ऑटोमॅटिक गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर घरी करायला माझी हरकत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं तपासायचं, कमी असेल तर घालायचं, जास्त झालं तर थोडं काढायचं. चूक झाली तरी दिसते आणि सुधारता येते.

नव्या गाड्यांत डिपस्टिक बहुतेक काढूनच टाकलीय. तिच्या जागी खाली पातळी तपासायचा एक नट असतो. गाडी चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून सिलेक्टर एकेका गिअरवर फिरवून परत पार्कमध्ये, आणि ऑइलचं तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत, म्हणजे बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास. मग नट उघडायचा. धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर, नट बंद. वाचायला सोपं आहे. पण ऑइल तापलं की फुगतं. ७० अंशांना तपासलंत तर जादा वाटून जे वाहून गेलं ते खरं तर हवं होतं. गाडी थंड झाल्यावर ऑइल कमी, पंप हवा ओढतो, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरून जळतात. गारच असताना तपासलंत तर उलट होतं, जास्त भरलं जातं आणि फेस होतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू करायच्या आधीच ही मर्यादा ओलांडून बसलेलं असू शकतं. तिथे हे काम पहाटेचंच.

तापमान बघायला गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायचं यंत्र) लागतो. बाजारातले सगळे स्वस्त स्कॅनर ते दाखवत नाहीत. गाडी सपाट हवी म्हणजे पुढून जॅक लावून भागत नाही, चारही बाजूंना स्टँड लागतात. आणि चालू इंजिनच्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही शिरू नये, अगदी ‘दोन मिनिटांचं काम’ असलं तरी. सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये हे जमत नाही. जमलं तरी फरशीवर सांडलेल्या लाल ऑइलवरून सेक्रेटरींशी बोलायची तयारी ठेवा. पिट किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजचे पैसे मुख्यतः या सपाट जागेचे आणि स्कॅनरचे असतात.

काही जण जेवढं निघालं तेवढं मोजून परत भरतात. मोजून भरणं चांगलंच, पण निघालं तेच मुळात कमी असेल, कुठे गळत असेल, तर तुम्ही ती कमतरता इमानेइतबारे परत भरता. म्हणून मोजमाप पहिली पायरी, शेवटची नव्हे.

आता ड्रेन करून भरणं की मशीनने फ्लशिंग? खालचा नट काढला की सगळं ऑइल येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि एका वेळी ३ निघतं. मग पहिल्या वेळी ४३ टक्के नवं, मध्ये थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं तर ६७, तिसऱ्यांदा ८१. ऑइल लागलं ९ लिटर. मशीन कूलरच्या पाइपला जोडून जवळपास सगळं बदलतं, पण बऱ्याचदा त्याहूनही जास्त ऑइल खातं. शिवाय त्या मशीनमध्ये आधीच्या गाडीचं काय शिल्लक आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. माझं मत ड्रेनच्या बाजूने आहे, आणि लाखभर किलोमीटर ऑइल न बदललेल्या गाडीला तर मी मशीन लावूच देणार नाही.

ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटर आणि ओळखीचं गॅरेज यांत निवडायचं तर वॉरंटी शिल्लक असेपर्यंत सर्व्हिस सेंटरच. तिथे ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही’ असं ऐकायला मिळू शकतं. मॅन्युअलचं वेळापत्रक बघा, त्यात घाट, टोइंग, सततचं ट्रॅफिक अशा कठीण वापरासाठी वेगळी ओळ असेल तर तीच तुमची. रोज पुणे-मुंबई ट्रॅफिकमध्ये रांगणारी गाडी सौम्य वापरात मोडत नाही. वॉरंटी संपल्यावर ओळखीचं गॅरेज परवडतं, फक्त ड्रममधलं ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ छाप ऑइल घेऊ नका. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईला एसपी-४, होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ असं जे मॅन्युअलमध्ये छापलंय त्याचेच सीलबंद डबे समोर उघडायला लावा.

तरीही घरीच करायचं ठरलं, तर भरायचा नट आधी सैल करा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा काढून बसलात, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी ओढत न्यावी लागेल. वॉशर नवे घाला आणि नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत. जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात भरून वापरलेलं ऑइल रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

गाडी आधीपासूनच घसरत असेल, गिअर पडताना धक्का देत असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या. गाडी ठीक असली तरी ऑइल काढताना धातूचे कण धरायला गिअरबॉक्सच्या तळाशी किंवा खालच्या नटाला बसवलेला चुंबक असेल तर त्याच्याकडे बघा: राखाडी, लोण्यासारखा मऊ थर नेहमीच्या झिजेचा असतो, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे निघाले तर नव्या ऑइलचे डबे न उघडता परत करा आणि गिअरबॉक्सच दुरुस्त करणारा मेकॅनिक गाठा.