दरी उतरावी की शिखर चढावं: ॲरिझोना-युटामधल्या एका दिवसासाठी

ॲरिझोना-युटाच्या वाळवंटी पठारावर एकच मोकळा दिवस हातात आहे, पायात दम आहे आणि नुसतं कठड्याशी उभं राहून फोटो काढण्यात समाधान नाही, अशा माणसापुढे साधारण तीन पर्याय असतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून साउथ कायबॅब ट्रेलने खाली उतरणं, फ्लॅगस्टाफजवळचं हम्फ्रीज पीक चढणं, किंवा युटातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये व्हर्जिन नदीच्या पात्रातून ‘द नॅरोज’ या अरुंद घळीत शिरणं. यात सगळ्यात सुंदर कोणतं, यावर रात्रभर वाद घालता येईल. ठरवताना मात्र मी दुसऱ्याच दोन गोष्टी बघेन: कष्टाचा भाग दिवसात कधी येतो, आणि मागे फिरायची वेळ झाली हे कशावरून कळतं.

दरीत सगळा हिशेब उलटा असतो. डोंगरावर सकाळी, गारव्यात, ताज्या पायांनी चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. ग्रँड कॅन्यनमध्ये सकाळी उतार, तोही इतका सुखाचा की थांबावंसंच वाटत नाही, आणि चढ नेमका ऊन तापल्यावर. त्यात खाली जाल तशी हवा तापत जाते. जुलैत दक्षिण कड्यावरचं सरासरी कमाल तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तर तळाशी कोलोरॅडो नदीकाठी ४१. उतरताना लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ चढायला धरा, असं पार्कचे रेंजर सांगतात, आणि ते अगदी रास्त आहे. कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत करू नका, हेही ते बजावून सांगतात. चांगले तंदुरुस्त लोकही इथेच फसतात, कारण परत फिरायचा निर्णय आपण अजिबात दमलेलो नसताना घ्यावा लागतो. शरीर ‘पुरे’ म्हणतं तोवर उशीर झालेला असतो.

म्हणूनच साउथ कायबॅबवर सीडर रिजपर्यंत जाणं हा मला पहिल्यांदा येणाऱ्यासाठी सगळ्यात शहाणपणाचा बेत वाटतो. एका बाजूने २.४ किलोमीटर, उतार सुमारे ३४० मीटर. वाट सुरुवातीला कड्याला चिकटून नागमोडी उतरते, मग एका सोंडेवर येते आणि दोन्ही अंगांना दरी उघडी पडते. पहिलं मोठं दृश्य उह-आह पॉइंटला, दीडेक किलोमीटरच्या आतच. सीडर रिजला लाल मातीचं सपाट पटांगण आहे, थोडी जुनिपरची झाडं आहेत, शौचालय आहे, पाणी नाही. वाटेवर आडवे लाकडी ओंडके टाकून पायऱ्या केल्यात आणि खेचरांच्या टापांनी दोन ओंडक्यांमधली माती खरवडून खोलगट झाली आहे. उतरताना हे जाणवतही नाही. चढताना प्रत्येक पायरी नेहमीपेक्षा चार बोटं उंच लागते. खेचरांचा तांडा आला तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून निमूट उभं राहायचं आणि त्यांना हाकणारा सांगेल तसं करायचं. अजून दम असेल आणि हवा थंड असेल तर स्केलेटन पॉइंट गाठता येतो: एका बाजूने ४.८ किलोमीटर, उतार ६२० मीटर.

साउथ कायबॅबवर सावली जवळजवळ नाहीच. पाणी संपायची धास्ती वाटत असेल तर शेजारचा ब्राइट एंजेल ट्रेल घ्या. त्यावर २.४ आणि ४.८ किलोमीटरवर विश्रांतीघरं आहेत आणि उन्हाळी हंगामात तिथे नळाला पाणी असतं. पाइपलाइन जुनी आहे, फुटते. त्यामुळे नळ चालू आहेत का हे त्याच सकाळी विचारून घ्यावं. दृश्यं थोडी कमी मोकळी, पण वाट जास्त समजूतदार.

सह्याद्रीत चालायची सवय असलेल्यांना इथली कोरडी हवा चकवते. तिकडे शर्ट पिळून काढावा इतका घाम दिसतो, म्हणून आपण आपोआप पाणी पितो. इथे घाम आल्याआल्या उडून जातो, त्वचा कोरडीच राहते आणि ‘मला काही घाम येत नाहीये’ असं वाटत राहतं. दुसरी चूक याच्या उलट: घाबरून नुसतं पाणीच ढोसत राहणं. अंगातलं मीठ पातळ झालं तर मळमळ, गोंधळ, प्रसंगी जीवावर बेतणं, इथपर्यंत मजल जाते. खारट खाणं आणि ओआरएस पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत दरीत चालू नये, ही सूचना अक्षरशः पाळा.

आता डोंगर. हम्फ्रीज पीक ३,८५१ मीटर, ॲरिझोनातलं सर्वोच्च टोक. एका प्राचीन ज्वालामुखीच्या उरलेल्या कडांपैकी ही एक. वाट स्नोबोल या स्की केंद्रापासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर सुरू होते; जाऊन-येऊन साधारण १६ किलोमीटर, चढ हजार मीटरच्या घरात. आधी स्कीच्या उताराचं गवताळ कुरण ओलांडायचं, मग स्प्रूस, फर आणि ॲस्पेनचं गर्द जंगल. वाळवंटी मुलुखात आलोय हे इथे विसरायला होतं. मुळं आणि दगड चुकवत खिंडीत पोचलं की झाडं संपतात आणि वारा अंगावर येतो. त्यानंतरचा टप्पा भुसभुशीत ज्वालामुखी दगडांचा. समोरचा उंचवटा म्हणजेच माथा असं वाटतं, तो चढल्यावर मागे आणखी एक दिसतो, त्याच्यामागे आणखी एक. आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर मन खचतं.

झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं संपतात त्यापुढे, वाट सोडायला बंदी आहे. जगात फक्त याच डोंगरांवर उगवणारी पिवळ्या फुलांची एक छोटी वनस्पती तिथल्या दगडांत तग धरून आहे. शिवाय होपी, नॅवाहो आणि इतर अनेक जमातींसाठी हे डोंगर पवित्र आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर पाऊल ठेवतोय याचं भान ठेवूनच तिथे जावं, असं मला मनापासून वाटतं.

इथला धोका विजेचा. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथला मॉन्सून असतो; सकाळ निरभ्र, दुपारी गडगडाट. उघड्या कडेवर आडोसा म्हणून काही नाही. पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली परत यायचं. पण या डोंगराची एक गोष्ट मला दरीपेक्षा बरी वाटते: तो आधी बजावतो. ढग चढताना दिसतात, धाप आधीच लागते, आणि वळलात की पुढचं सगळं उतरतं आहे. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी मिळतो, म्हणून लास वेगास किंवा फिनिक्समधून येऊन थेट चढू नका. आदली रात्र फ्लॅगस्टाफला, म्हणजे २,१०० मीटरवर, काढलीत तरी फरक पडतो. डोकं ठणकायला लागलं तर खाली उतरणं हाच उपाय.

नॅरोजचा प्रकार निराळाच: इथे चढच नाही. नदी हीच वाट. रिव्हरसाइड वॉकचा दीडेक किलोमीटरचा पक्का रस्ता संपला की पाण्यात उतरायचं आणि गुळगुळीत गोट्यांवर काठी टेकत, कुठे घोट्याएवढ्या तर कुठे कमरेएवढ्या पाण्यातून वर जात राहायचं. बिग स्प्रिंगपर्यंत, म्हणजे ८ किलोमीटरपर्यंत, खालून जायला परमिट लागत नाही. हवं तिथून वळता येतं. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते आणि प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद होते. नदीत विषारी शेवाळासारखे जिवाणू सापडत असल्याने ते पाणी पिऊ नये, डोकं बुडवू नये.

पण या घळीत खरी भीती अचानक येणाऱ्या लोंढ्याची. ऑगस्ट १९९७ मध्ये पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ जणांचा जीव गेला. पाऊस बऱ्याच अंतरावर, वरच्या अंगाला झाला होता. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी त्याचा काही उपयोग नाही. दरीत निदान शरीर उशिरा का होईना बोलतं, डोंगरावर ढग बोलतात. इथे चालणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून निर्णय सकाळी पार्कच्या पूरअंदाजावर सोपवायचा आणि अंदाज वाईट असेल तर हट्ट न करता बेत रद्द करायचा. झायनचं एंजल्स लँडिंग हे कड्यावरचं प्रसिद्ध टोक मी या तुलनेत धरलंच नाही, कारण साखळ्यांच्या भागासाठी एप्रिल २०२२ पासून लॉटरीचं परमिट लागतं. लॉटरीत नाव लागलं तर उत्तम. त्यावर अख्ख्या सहलीचा बेत उभारू नये.

मग कोणी काय निवडावं? ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये येत असाल तर विचार करू नका, साउथ कायबॅब. ऑक्टोबरात कड्यावर सरासरी कमाल १८ अंश आणि तळाशी २९. दरी याहून प्रेमळ कधीच नसते. जूनमध्ये, वरचा बर्फ उतरल्यावर आणि मॉन्सून यायच्या आधी, हम्फ्रीज. त्याच दिवसांत दरीत उतरणं मी टाळेन. सप्टेंबरचा शेवट नॅरोजसाठी छान. बरोबर मुलं असतील तर तिन्हींत नॅरोजच, तेही पहिल्या दोन-तीन वळणांपुरतं. गुडघे कुरकुरत असतील तर हम्फ्रीजची लांब, दगडी उतरण जड जाईल. सीडर रिजवरून परत चढणं धाप लावेल, पण गुडघ्यांना सोसेल. आणि ज्याला ‘आता आलोच आहोत तर थोडं पुढे जाऊ’ म्हणायची सवय आहे, त्याने दरीत जाऊच नये, डोंगर चढावा. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय.

अंतरांचं म्हणाल तर फ्लॅगस्टाफ ते दक्षिण कडा गाडीने दीड तास, पण कड्यापासून झायन साडेचार-पाच तास. त्यामुळे ग्रँड कॅन्यन आणि हम्फ्रीज यांत ऐनवेळी अदलाबदल जमते, झायनचं आधीच ठरवावं लागतं. साउथ कायबॅबच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची शटल घ्यावी लागते. झायनच्या मुख्य दरीतही वर्षाचा बहुतेक काळ तसंच. आणि उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, कारण ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळं बदलत नाही. झायनची पहाटेची शटल पकडायची असेल तर गजर युटाच्या वेळेनेच लावा.