मोडेममॅनेजर १.२० : नऊ दूध संस्थांवर दहा महिने

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासहाला गगनबावड्याकडच्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “सायेब, फॅट मशीन मधीच मुकं हुतंय, दर पाच मिन्टाला. परत चालू हुतंय, परत मुकं. बाहेर रांग लागल्या.” शिवाय आदल्या दोन दिवसांच्या संकलनाची फाईल त्या संस्थेकडून आलीच नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशा नऊ दूध संस्थांचे संगणक मी सांभाळतो. प्रत्येक ठिकाणी डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारा एक लहान संगणक, एक वजनकाटा, एक फॅट मशीन आणि सिम घालून इंटरनेट देणारा एक मोडेम असतो. सकाळ-संध्याकाळचे संकलन संपले की लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांची फाईल तालुक्याच्या शीतकरण केंद्राकडे जाते आणि तिच्यावरून उत्पादकांचे दहा दिवसांचे बिल निघते. त्यामुळे फाईल चुकणे ही माझ्या दृष्टीने किरकोळ बाब नाही. त्या दिवशी चाळीस किलोमीटर गाडी चालवत गेलो, तेव्हा सगळा राग मोडेममॅनेजरवर, म्हणजे लिनक्समध्ये मोडेम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, होता. आता तो राग बराचसा निवळला आहे, पण एका मुद्द्यावर अजूनही कायम आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी सगळे संगणक डेबियन ११ वरून डेबियन १२ वर नेले. म्हणजे मोडेममॅनेजर १.१४ वरून १.२० वर आले. कारण साधे होते. जुने ३जी डोंगल ओढत ओढत वापरून झाले होते. सिम आता ३जी सेवा नसलेल्या कंपनीचे घ्यावे लागत होते, आणि नवीन मोडेम जुन्या पद्धतीने बोलत नाहीत. जुना डोंगल म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक सीरियल पोर्ट असे. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या ‘एटी’ कमांड त्याला द्यायच्या, *९९# डायल करायचे आणि पीपीपी (जुन्या डायल-अप पद्धतीची) जोडणी घ्यायची. नवीन मोडेम क्यूएमआय किंवा एमबीआयएम या प्रोटोकॉलने बोलतात. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, पहिल्याचा ड्रायव्हर ३.४ पासून आणि दुसऱ्याचा ३.८ पासून आहे. यूएसबीऐवजी पीसीआय जोडणीने बसणारे मोडेमही आता आले आहेत आणि त्यांच्यासाठी कर्नल ५.१३ मध्ये स्वतंत्र विभाग तयार झाला, ज्याचा आधार मोडेममॅनेजरने १.१८ पासून घेतला. वापरणाऱ्याला हे सारे मोडेममॅनेजरच्या एकाच ‘एमएमसीएलआय’ कमांडमागे झाकून मिळते, ही या सॉफ्टवेअरची खरी कमाई आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो.

पहिल्याच आठवड्यात नवीन सिमने दमवले. मोडेम दिसत होता, सिम दिसत होते, पण नोंदणी होत नव्हती. ३जीच्या काळात आधी नेटवर्कवर नोंदणी व्हायची आणि एपीएन (कंपनीच्या डेटा-जाळ्याचे नाव) नंतर, डेटा जोडताना लागायचा. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीमध्ये, नोंदणी होतानाच एक मूळ जोडणी तयार होते, म्हणजे एपीएन तिथेच बरोबर असावा लागतो. आमच्या मोडेममध्ये आधीच्या कोणा कंपनीचा एपीएन साठवलेला राहिला होता. मोडेममॅनेजरमध्ये या सुरुवातीच्या जोडणीसाठी स्वतंत्र पर्याय आहे, तिथे एपीएन भरला आणि मोडेम मिनिटाभरात नोंदला गेला. पुढे आयपीचा प्रकार ‘आयपीव्ही४व्ही६’ (जुने आणि नवे, दोन्ही प्रकारचे इंटरनेट पत्ते) असा स्पष्ट लिहावा लागला, कारण माझ्या जुन्या प्रोफाईलमध्ये फक्त आयपीव्ही४ मागितले होते. जे आजही जुनी प्रोफाईल तशीच नव्या मशीनवर नक्कल करतात, त्यांनी या दोन जागा आधी तपासाव्यात.

कार्यालयातल्या लॅपटॉपच्या आतल्या मोडेमने वेगळाच प्रश्न आणला. अपग्रेडनंतर तो यादीत दिसे, पण त्याचा रेडिओ चालूच होत नसे. काही लॅपटॉपमधल्या मोडेमना अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमासाठी कुलूप असते. ते कुलूप मोडेममॅनेजर पूर्वी स्वतःहून उघडत असे. १.१८.४ पासून ते काम वापरणाऱ्यावर सोपवले आहे. उघडणाऱ्या स्क्रिप्ट सोबतच येतात, पण त्यांतली आपल्या मोडेमची स्क्रिप्ट ‘इटीसी’खालच्या ‘एफसीसी-अनलॉक.डी’ फोल्डरमध्ये आपण स्वतः जोडायची. निर्णयामागचे कारण मला पटते. मात्र अपग्रेड करताना पडद्यावर याबद्दल एक ओळ आली असती तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

जानेवारीपर्यंत माझे मत फार चांगले होते. सिग्नलचे खरे आकडे मिळू लागले, हा आनंद तर अनपेक्षित होता. पूर्वी ‘सिग्नल ४३ टक्के’ एवढेच कळायचे आणि त्या टक्क्यांवरून काहीच ठरवता येत नसे. आता दहा सेकंदांनी मोजमाप घे असे एकदा सांगितले की आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली), आरएसआरक्यू (सिग्नलची गुणवत्ता) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) हे आकडे येतात. मोजमाप मुळात बंद असते. ते चालू न करता आकडे मागितले तर काहीच मिळत नाही, म्हणून पहिल्यांदा मला मोडेमच सदोष वाटला होता. पन्हाळ्याखालच्या एका संस्थेत पत्र्याखाली ठेवलेला अँटेना केबल लांबवून बाहेरच्या खांबावर नेला, आणि आरएसआरपी –११४ वरून –९६ वर आलेला मी उभ्या उभ्या पाहिला. साडेतीनशे रुपयांच्या केबलने जे झाले, त्यासाठी मी नवीन मोडेम घेण्याच्या विचारात होतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मोडेममॅनेजर प्रत्येक मोडेमला एक क्रमांक देते, आणि तो शून्यापासून सुरू होतो. मोडेम निघून परत आला, मग तो कोणी हाताने काढला असो किंवा स्वतःच रीसेट झाला असो, की त्याला पुढचा क्रमांक मिळतो. तोच मोडेम, तेच सिम, तेच पोर्ट, पण काल शून्य असलेला आज एक होतो आणि परवा दोन. माझ्या सगळ्या स्क्रिप्ट ‘शून्य क्रमांकाच्या मोडेमची स्थिती सांग’ अशा कमांडने सुरू होत होत्या, कारण सहा वर्षांपूर्वी लिहिताना प्रत्येक ठिकाणी एकच मोडेम होता आणि तो शून्यच असायचा. संगणक बंद करून चालू केला की मोजणी पुन्हा शून्यापासून होते. म्हणूनच ‘बंद करून चालू करा’ हा उपाय इतकी वर्षे लागू पडत राहिला आणि त्याने खरा दोष झाकून ठेवला.

त्या दिवशी संस्थेत बसून लॉग वाचला तेव्हा साखळी उलगडली. मोडेमचा क्रमांक तीन झाला होता. माझ्या स्क्रिप्टने शून्याची चौकशी केली, मोडेम नाही असे उत्तर आले, म्हणून तिने फाईल पाठवणे थांबवले आणि मोडेम शोधण्यासाठी नवीन स्कॅन मागितला. हे दर पाच मिनिटांनी चालू होते. प्रत्यक्षात नेटवर्कमॅनेजरने (इंटरनेट जोडण्या सांभाळणारे वेगळे सॉफ्टवेअर) मोडेम परत येताच जोडणी स्वतःहून पुन्हा घेतलेली होती, कारण ते क्रमांकावर अवलंबून राहत नाही. इंटरनेट व्यवस्थित चालू होते. दोन दिवस फाईल अडून राहिली ती केवळ माझ्या स्क्रिप्टच्या एका शून्यामुळे.

फॅट मशीन मुके होण्याचे कारणही त्याच स्कॅनमध्ये निघाले. मे महिन्यात या संस्थेने नवीन मशीन घेतले. जुने मशीन सीरियल अडॅप्टरवरून जोडलेले होते आणि त्या अडॅप्टरच्या ड्रायव्हरला मोडेममॅनेजरचे कडक धोरण, म्हणजे मोडेम वाटणारीच पोर्ट तपासायची ही पद्धत, हात लावत नाही. नवीन मशीनला थेट यूएसबी आहे आणि ते संगणकाला आपली ओळख ‘एसीएम (यूएसबी मोडेमचा एक ठरावीक प्रकार), एटी कमांड समजणारे’ अशी करून देते. त्याला एटीमधले अक्षरही कळत नाही. बहुधा बनवणाऱ्याने चिपसोबत आलेला नमुना तसाच ठेवला असावा. पण मोडेममॅनेजर ती ओळख खरी मानते आणि स्कॅन मागितला की त्या पोर्टवर ‘एटी’ पाठवून उत्तराची वाट बघते. तेवढ्या सेकंदांत मशीनने पाठवलेला फॅटचा आकडा आमच्या प्रोग्रामऐवजी मोडेममॅनेजरच्या हाती जातो. समोर म्हशीच्या दुधाचा नमुना तपासून झालेला, मशीनच्या छोट्या पडद्यावर ६.८ दिसतोय आणि संगणकाच्या रकान्यात काहीच नाही, हे मी सचिवांच्या शेजारी बसून पाहिले. तो नमुना पुन्हा लावावा लागला आणि बाहेर पावसात उभ्या असलेल्या माणसांना आणखी थांबावे लागले. त्या मशीनकडे दुर्लक्ष कर असा एका ओळीचा यूडेव्ह (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणे ओळखणारा भाग) नियम लिहिला आणि हा त्रास त्याच क्षणी थांबला. ज्यांच्याकडे थेट यूएसबीचे काटे, फॅट मशीन किंवा प्रयोगशाळेची उपकरणे आहेत, त्यांनी हा नियम आधीच लिहून ठेवावा, बिघाडाची वाट पाहू नये.

तरीही एक प्रश्न उरत होता. हिवाळ्यात महिनोन्‌महिने शून्यावर राहिलेला मोडेम पावसाळ्यातच का रीसेट होऊ लागला? इथे मला माझे मत बदलावे लागले, कारण यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. पावसात त्या भागातली वीज वारंवार जाते. जवळच्या टॉवरची बॅटरी उतरली की मोडेम डोंगरापलीकडचा लांबचा टॉवर धरतो आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करतो. त्या क्षणी लागणारा करंट यूएसबी २.० पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरमध्ये बसत नाही, व्होल्टेज खाली येते आणि मोडेम नव्याने सुरू होतो. लॉगमधल्या प्रत्येक रीसेटच्या आधी आरएसआरपी –११५ च्या खाली गेलेला होता. नऊपैकी खोलगट भागातल्या दोनच संस्थांना हा त्रास का होता, हेही त्यामुळे कळले. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यायचे मी दोन वर्षे टाळत होतो, कारण प्रत्येकी बाराशे रुपये म्हणजे माझ्या एका भेटीच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त. जुलै महिन्यात त्या दोन संस्थांकडे मी पाच फेऱ्या मारल्या. दोन्ही ठिकाणी हब घेतले. रीसेट खूप कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत.

म्हणून क्रमांकाचा प्रश्न सोडवणे भागच होते, आणि शोधताना कळले की उपाय कित्येक वर्षांपासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका यूडेव्ह नियमाने मोडेमला आपण स्वतः नाव देऊ शकतो, आणि मग कमांडमध्ये क्रमांकाच्या जागी ते नाव चालते. यूएसबीच्या ठरावीक पोर्टला लावलेल्या मोडेमला मी त्या त्या संस्थेचा सांकेतिक शब्द दिला. मोडेम दहा वेळा रीसेट होऊ दे किंवा बदलून दुसरा बसवू दे, त्या पोर्टवरचा मोडेम त्याच नावाने ओळखला जातो. नाव द्यायचे नसेल तर ‘एनी’ असा शब्दही चालतो, म्हणजे जो पहिला मोडेम सापडेल तो. एकच मोडेम असलेल्या ठिकाणी तेवढे पुरे आहे.

सोबत मी स्क्रिप्टचे वाचनही बदलले. पूर्वी पडद्यावर माणसांसाठी छापलेल्या मजकुरातून शब्द शोधून स्थिती काढत होतो, आणि आवृत्ती बदलून मांडणी हलली की स्क्रिप्ट तुटायची. आता मोठ्या ‘के’चा पर्याय दिला की प्रत्येक ओळीत एक किल्ली आणि एक मूल्य येते : ‘मोडेम.जेनेरिक.स्टेट’ आणि पुढे ‘कनेक्टेड’. स्कॅनची कमांड मी सगळ्या स्क्रिप्टमधून काढून टाकली आहे. नऊ संस्थांच्या मिळून अकरा स्क्रिप्ट होत्या, त्या बदलायला दोन रात्री लागल्या.

माझा राग कायम आहे तो इथे. नाव देण्याची सोय असताना मोडेमची यादी मागितली की अजूनही क्रमांकच समोर येतो, आणि नवीन माणूस साहजिकच तोच क्रमांक उचलून स्क्रिप्टमध्ये लिहितो. नवीन मोडेमसाठी इतकी मेहनत घेणाऱ्यांनी यादीच्या खाली ‘हा क्रमांक टिकणारा नाही’ एवढे छापले तरी माझ्यासारख्या कित्येकांचे दिवस वाचतील. दुसरी तक्रार एटी कमांडची आहे. मोडेमची यूएसबी पद्धत बदलण्यासारखी कामे आजही एटीनेच होतात, पण एमएमसीएलआयमधून एटी पाठवायची तर मोडेममॅनेजर डीबग स्थितीत, म्हणजे दोष शोधण्यासाठीच्या खास स्थितीत, चालवावे लागते. दूर गावातल्या चालू संगणकावर ते करायला मी धजावत नाही. मोडेम घरी आणून, टेबलावर लावून बदलतो.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. काही डोंगल स्वतःच लहान राउटर असतात. हुआवेच्या ई३३७२ चा हायलिंक प्रकार तसा आहे. तो संगणकाला नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याची सेटिंग्ज १९२.१६८.८.१ या पत्त्यावरच्या पानात असतात. इंटरनेट चालते, पण मोडेममॅनेजरला तिथे मोडेम दिसत नाही आणि वरची एकही सोय मिळत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून असा एक मी घेतला होता, तो आता घरी वापरतो.

ऑगस्टमध्ये डेबियन १३ आले आहे. दिवाळीपर्यंत मी कोणत्याही संस्थेचा संगणक त्यावर नेणार नाही. आधी घरच्या यंत्रावर नावांचे नियम आणि फॅट मशीनचा नियम तसेच चालतात का ते तपासेन. गगनबावड्याकडच्या त्या संस्थेत आज सकाळी पाहिले तेव्हा मोडेमचा क्रमांक सात झालेला होता, आणि सकाळच्या संकलनाची फाईल आठ वाजून दहा मिनिटांनी शीतकरण केंद्रात पोहोचली होती.