आधी मल्टिमीटर घ्यावा की स्कॅनर?

गाडीची बारीकसारीक दुखणी घरीच बघायची असं ठरवलं की दोन वस्तू समोर येतात: साधा डिजिटल मल्टिमीटर आणि ओबीडीच्या (गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या) सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर. दोन्ही स्वस्त आहेत. एकच घ्यायची असेल, तर गाडी नेमकी कशी रुसते ते आधी बघा. सेल्फच फिरत नाही? सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? की गाडी चालू होते, पण मिसिंग करते, पिकअप देत नाही?

सेल्फ फिरत नसेल तर

इथे मल्टिमीटरच. स्कॅनर बहुतेक वेळा काही कामाचा नाही. उलट बॅटरी उतरलेली असली की तो भलभलते कोड, म्हणजे बिघाडाचे क्रमांक, दाखवून घाबरवतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून परत बघा. तरीही तेच झालं तर बॅटरी संपत आली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) ठीक. नव्या काही गाड्या मुद्दाम कमी चार्ज करतात, तिथे लगेच निष्कर्ष काढू नका.

मल्टिमीटरची खरी किंमत कळते ती पुढच्या चाचणीत. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंगमध्ये, म्हणजे निगेटिव्हच्या जोडणीत, घोळ आहे. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ आवाज, म्हणून मी बॅटरी बदलली. तिसऱ्या दिवशी परत ‘टक’. इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट काढला, तर खाली हिरवट बुरशीसारखा थर. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, गाडी सुरू. जुनी बॅटरी धडधाकट होती, आणि ती मी देऊन बसलो होतो.

एक काळजी घ्या: सेल्फचा करंट मल्टिमीटरमधून मोजायला जाऊ नका. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर सहज खेचतो आणि मीटरची मर्यादा बहुधा दहाची असते.

चालू होते, पण नीट चालत नाही

इथे पारडं उलटं, स्कॅनरच. पी०३०२ कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगला वेगळी (ठिणगी देणारी) कॉइल असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याची कॉइल आपसात बदला. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, नवी कॉइल घाला. तसाच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग बघा. या तपासणीचा खर्च शून्य. मात्र चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाळतं.

कोड म्हणजे सामानाची यादी नव्हे. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, दिसला की लोक ऑक्सिजन सेन्सर आणतात. तो बिचारा फक्त बातमी देतो. त्यापेक्षा लाइव्ह डेटात (चालू इंजिनच्या आकड्यांत) फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. आयडलिंगला आकडा अधिक वीसच्या घरात आणि रेस २५०० आरपीएमला धरली की सामान्यावर येत असेल, तर कुठूनतरी हवा चोरून आत येतेय. फाटका व्हॅक्यूम पाइप शोधा. भार पडल्यावर आकडा वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर संशयित. ही माहिती मल्टिमीटर देऊ शकत नाही.

फिरतो, पण पकडत नाही

इथे दोन्ही लागतात. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) किंवा त्याची वायर. सेन्सरपर्यंत व्होल्टेज येतो का, हे मात्र मल्टिमीटरच सांगणार. किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे किल्ली न ओळखल्यास इंजिन अडवणारी चोरीरोधक यंत्रणा. स्वस्तातले स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचेच कोड वाचतात, तिथे ते हात टेकतात. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय असं वाटलं, तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. टायमिंग बेल्ट तुटला असेल, तर आणखी फिरवून व्हॉल्व्ह वाकू शकतात. कॉमन रेल डिझेलची हाय-प्रेशर लाइनही घरी सैल करायची नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

मग कोणता?

गाडी ओबीडीच्या आधीची असेल, तर प्रश्नच नाही, मल्टिमीटरच. एरवी माझं मत मल्टिमीटरला. स्कॅनर मित्राकडून तासभर आणता येतो. मल्टिमीटर लागतो तेव्हा गाडी जागची हललेली नसते. शिवाय स्कॅनरने बोट दाखवलेला सेन्सर विकत आणण्याआधी वायर तपासायला तोच लागतो. तुमची गाडी सुरू नेहमी होते आणि त्रास फक्त मिसिंगचा असेल, तर मात्र खुशाल स्कॅनर आधी घ्या, फक्त त्यात लाइव्ह डेटा दिसतो ना ते बघा. मल्टिमीटर घेताना सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारं बटण असलेला घ्या. एकट्याने सेल्फ मारून बॉनेटखालचा आकडा वाचता येत नाही.