आवडत्या कादंबऱ्यांची यादी : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मी माझ्या सात आवडत्या कादंबऱ्यांची नावे वहीच्या पानावर लिहून काढली, त्या पानाच्या झेरॉक्स प्रती गल्लीतील, कचेरीतील आणि नात्यातील अकरा जणांना वाटल्या आणि ज्याला जी हवी ती माझ्याच कपाटातून न्यावी, अशी सोय ठेवली. ‘कोसला’, ‘रणांगण’, ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘बनगरवाडी’ आणि ‘गोतावळा’, असा तो क्रम होता. पुण्याच्या मेहुण्यांनी पहिल्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्याच्या लेखकांना झुकते माप दिल्याचा आरोप केला. ‘मृत्युंजय’चे सावंत आजऱ्याचे, ‘स्वामी’चे देसाई कोवाडचे, ‘गोतावळा’चे यादव कागलचे आणि ‘ययाति’च्या खांडेकरांचे वास्तव्य कोल्हापुरात, तेव्हा आरोप खोडता आला नाही.

यादीतला पहिला दोष क्रमाचा निघाला. नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) मी वसतिगृहात एकविसाव्या वर्षी वाचली होती, म्हणून ती अग्रभागी ठेवली. नेणाऱ्या चौघांपैकी तिघांनी ती अर्ध्यावरून परत केली. एका प्रतीत चाळिसाव्या पानाशी एसटीचे तिकीट खुणेसाठी घातलेले होते, ते तिथून हललेलेच नव्हते. वहिनींनी तर स्पष्ट विचारले, “भाऊजी, हा मुलगा पुण्यात नुसता वडिलांचे पैसे उडवतोय, पुढे काही होणार आहे का?” नायक पांडुरंग सांगवीकराच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची सवय होण्यास वेळ लागतो, निदान त्याच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपर्यंत तरी वाचा, अशी विनंती मी केली. पंधरवड्याने त्यांनी पुस्तक आणून टेबलावर ठेवले आणि त्याविषयी एक शब्दही न बोलता त्या चहा टाकायला गेल्या.

याउलट, शेपटाकडे ढकललेली माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) एकानेही अर्धवट सोडली नाही. एका बैठकीत संपणारी, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला निघालेल्या कोवळ्या मास्तराची आणि दुष्काळाने ओस पडणाऱ्या वाडीची ही गोष्ट, वाचनाची सवय मोडलेल्या माणसालाही धरून ठेवते.

सर्वांत अनपेक्षित अनुभव ‘गोतावळा’ने (1971) दिला. सबंध कादंबरी बोलीत असल्यामुळे ती शहरातल्या वाचकांना जड जाईल, या भीतीने मी ती शेवटी टाकली होती. कचेरीतल्या ज्या सहकाऱ्याने ती नेली, त्याच्या घरचे गुऱ्हाळ आहे. हंगामात रात्री तो ती वडिलांना मोठ्याने वाचून दाखवीत असे. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि नारबा या गड्याची जीव लावलेली जनावरे एकेक करून जातात, तिथे वडिलांनी त्याला थांबवले आणि “आमचीबी बैलं अशीच गेली की रं” एवढेच म्हटले. प्रत परत आली तेव्हा त्या भागातील दोन पाने काकवीने एकमेकांना चिकटलेली होती. ती मी अजून सोडवलेली नाहीत.

‘स्वामी’ आणि ‘ययाति’ अपेक्षेप्रमाणे चालल्या. त्यांना माझ्या शिफारशीची गरज नव्हतीच. ‘मृत्युंजय’ची (1967) जाडी मात्र त्रासदायक ठरली. तिसऱ्या वाचकाच्या हाती बांधणी मधोमध उकलली आणि पुस्तकाचे दोन तुकडे झाले. निरनिराळ्या निवेदकांच्या तोंडचे नऊ भाग असल्यामुळे दोघांनी ते तुकडे एकाच वेळी वाचले, पण दुसऱ्या तुकड्यापासून सुरुवात करण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

होळीनंतर मी सुधारित यादी काढली. ‘बनगरवाडी’ पहिली, ‘गोतावळा’ दुसरी, ‘कोसला’ पाचवी, आणि प्रत्येकीपुढे लांबी, भाषा आणि कुठपर्यंत धीर धरावा, याची एकेक ओळ. ही आवृत्ती बरीच बरी चालली.

तरीही मोठा दोष तसाच होता आणि तो वहिनींनी दाखवला. सातांत एकही लेखिका नाही. त्यातही विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (1939) मी आग्रहाने सुचवतो आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर, यांची ‘बळी’ (1950) मला आठवतही नाही, याला काय म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. मी ती वाचलेलीच नव्हती. वहिनींनी माझ्या यादीत ‘रणांगण’खाली पेन्सिलीने ‘बळी’ लिहिले आणि 1850 साली स्थापन झालेल्या, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून स्वतःच्या नावावर ती आणून दिली. परत करण्याची मुदत परवा संपते आणि माझी साठ पाने अजून शिल्लक आहेत.