कॅलस्पेक: ठाण्यातून दोन हिवाळे वापरलेला प्रमाण ताऱ्यांचा वर्णपटसंग्रह

माजिवड्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आठ इंची दुर्बिणीला साधे ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी बारीक रेघांची काच) लावून मी ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे रंगांनुसार विभागलेला प्रकाश, घेतो, आणि त्यांच्या मोजणीसाठी गेले दोन हिवाळे बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचा 'कॅलस्पेक' हा विनामूल्य संग्रह वापरतो आहे. कॅमेरा निळ्या आणि लाल प्रकाशाला सारखाच प्रतिसाद देत नाही. त्यामुळे ज्याचा खरा प्रकाश ठाऊक आहे अशा ताऱ्याशी ताडून पाहिल्याखेरीज हाती आलेल्या आलेखावर विश्वास ठेवता येत नाही.

हा 'खरा प्रकाश' कुठून आला, हे समजल्यावर संग्रहाविषयीचा माझा आदर वाढला. त्याचा पाया जी१९१-बी२बी, जीडी ७१ आणि जीडी १५३ हे तीन श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे लहान, घट्ट आणि तप्त गाभे, आहेत. प्रबळ गुरुत्वामुळे त्यांच्यातील जड मूलद्रव्ये खाली बसतात आणि वर जवळजवळ निव्वळ हायड्रोजन उरतो. बामर रेषांच्या (वर्णपटातल्या हायड्रोजनच्या दृश्य रेषांच्या) आकारावरून तापमान आणि पृष्ठीय गुरुत्व निश्चित केले, की अतिनीलापासून अवरक्तापर्यंतच्या वर्णपटाचा आकार गणितानेच मिळतो. तुलनेसाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या अभिजित ताऱ्याबाबत ही सोय नाही, कारण तो स्वतःभोवती फार वेगाने फिरतो आणि त्याच्याभोवती धुळीची तबकडी आहे. जी१९१-बी२बी मात्र तितका शुद्ध नाही. त्यात लोह आणि निकेल आढळतात, म्हणून त्याचे गणिती प्रारूप (मॉडेल) ही मूलद्रव्ये धरून करावे लागते. बोलिन, ह्युबेनी आणि राउख यांनी २०२० साली दोन स्वतंत्र संगणकप्रणालींची प्रारूपे शेजारी ठेवून तपासली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

जी१९१-बी२बी ११.८ प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका अंधूक, असून ब्रह्महृदयाच्या उत्तरेला सापडतो. घोडबंदर रस्त्याच्या उजेडात गच्चीवरून त्याचा वर्णपट आकाशाच्या झळाळीत बुडून गेला. वांगणीला जानेवारीतल्या एका स्वच्छ रात्री अनेक छायाचित्रे एकत्र केल्यावर तो नीट मिळाला. तेव्हाही निळे टोक आधी चुकलेच, कारण ज्या ताऱ्याचे मोजमाप करायचे तो क्षितिजाकडे कलला होता आणि प्रमाण तारा उंचावर होता. दोघांची उंची सारखी असताना नोंदी घेतल्यावर फरक बराच कमी झाला. वातावरणाची ही अडचण कोणताही संग्रह सोडवू शकत नाही.

नवख्याला फाइलींची नावे गोंधळात टाकतात. नावात 'मॉड' असेल तर ते गणिती प्रारूप आणि 'स्टिस' असेल तर हबल दुर्बिणीवरच्या उपकरणाचे मोजमाप, हे आधी समजून घ्यावे. तरंगलांबी निर्वातातील दिलेली असल्यामुळे हायड्रोजनची लाल रेषा हवेतल्या ६५६२.८ ऐवजी ६५६४.६ अँगस्ट्रॉमवर (तरंगलांबी मोजण्याचे एकक) दिसते. माझ्या ग्रेटिंगला हा फरक जाणवत नाही, पण फट असलेला वर्णपटमापक वापरणाऱ्यांनी तो विसरू नये. शिवाय फाइली वेळोवेळी सुधारल्या जातात, म्हणून प्रत्येक मोजणीसोबत फाइलीचा क्रमांक लिहून ठेवावा. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या नोंदींत तो नाही आणि त्या मोजण्या मला आता पुन्हा कराव्या लागत आहेत.