सह्यांचा कागद की रिकामी खोली? गर्भपाताच्या प्रश्नावर ख्रिस्ती तरुण संघाने वेळ कुठे घालावा

समजा, तुमच्या मंडळीच्या तरुण संघाकडे आठवड्याला दहा तास आणि थोडी वर्गणी आहे. गर्भातलं लेकरू देवाने घडवलेलं आहे, यावर तुमचं एकमत आहे. माझंही आहे. मतभेद त्यापुढे सुरू होतात. काही जण म्हणतात, कायदा कडक व्हावा म्हणून सह्या गोळा करू, निवेदनं देऊ. बाकीचे म्हणतात, आधी अडलेल्या बाईजवळ जाऊन बसू, मनं पालटू. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात. तरी निवड करायची आहे, म्हणून दोन्ही वाटा नीट पाहू.

कायद्याची वाट

१८६० च्या दंड संहितेने आपल्याकडे गर्भपात गुन्हा ठरवला होता. तो थांबला नाही. बायका चोरून, मिळेल त्याच्या हातून करून घेत राहिल्या आणि मरत राहिल्या. म्हणूनच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतीलाल शहा यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही वाढीव मुभा अविवाहित स्त्रियांनाही दिली. पन्नास वर्षांत कायदा सैल होत आला आहे, आणि महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. आपल्या सह्यांनी संसद मागे फिरेल असं मला वाटत नाही.

संख्येचं बळ होतं तिथे काय झालं, तेही पाहा. कॅथलिक आयर्लंडने १९८३ मध्ये सार्वमत घेऊन, सुमारे ६७ टक्के मतांनी, गर्भाच्या जीविताचा हक्क थेट संविधानात लिहिला. यापेक्षा भक्कम कायदा कुठला असणार? २०१२ मध्ये आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, पण त्याचे ठोके चालू होते, म्हणून त्यांनी मागूनही गर्भपात केला गेला नाही. जंतुसंसर्ग रक्तात भिनून त्या गेल्या. वय ३१. मे २०१८ मध्ये त्याच देशाने ६६.४ टक्के मतांनी ते कलम काढून टाकलं. पस्तीस वर्षं कलम उभं होतं, आणि तेवढ्या काळात लोकांची मनं मात्र त्याच्यापासून दूर गेली. जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने सविताचं नाव आठवूनच तोंड उघडावं, असं मला वाटतं. आईच्या जिवावर बेतलं असेल तर डॉक्टरांच्या आड येऊ नका.

अमेरिकेतही धडा सरळ नाही. तिथे १९९० च्या सुमारास वर्षाला अंदाजे १६ लाख गर्भपात होत, ते २०१७ पर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास उतरले. या साऱ्या काळात १९७३ चा गर्भपाताला हक्क मानणारा निकाल लागू होता. घट झाली ती संततिनियमनामुळे, काही राज्यांच्या निर्बंधांमुळे, आणखीही कारणांनी. मग जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. गर्भपातविरोधी चळवळीचं अर्ध्या शतकाचं स्वप्न पुरं झालं, आणि २०२३ मध्ये देशातला एकूण आकडा दहा लाखांच्या वर गेला. वाढ २०१७ नंतरच सुरू झाली होती हे खरं, पण निकाल उलटल्यावर काही राज्यांनी घातलेल्या बंदीने ती अडवली नाही. कॅन्सससारख्या परंपरानिष्ठ राज्यानेही ऑगस्ट २०२२ च्या मतदानात गर्भपाताचं संरक्षण काढायला नकार दिला.

तरी कायद्याला निरुपयोगी ठरवू नका. त्याचं खरं काम बलवानाचा हात धरणं हे आहे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला आपल्याकडे फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. तिच्या संमतीवाचून गर्भपात घडवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘पुन्हा मुलगी आहे, पाडून टाक’ असं घरचे मानेवर बसून सांगतात, तेव्हा हेच कलम आई आणि लेकरू दोघांना वाचवू शकतं. पण इथेही मर्यादा दिसते. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राने. त्यानंतर राज्यातलं लहान मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ झालं. बीड जिल्ह्यात ८०७. सोनोग्राफीच्या खोलीत पाटी लावलेली होती, पण मुलगी नको हे घरी आधीच ठरलेलं होतं.

मन पालटण्याची वाट

ही वाट ऐकायला मऊ लागते, चालायला जास्त कठीण आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काय केलं ते आठवा. दंड संहिता नुकतीच लागू झाली होती, फसवल्या गेलेल्या विधवांना शिक्षा होत होत्या. फुले दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं: या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ते ख्रिस्ती नव्हते, पण ख्रिस्ती माणसाने याहून वेगळं काय करायचं? पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ‘पतित’ म्हणून हाकललेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभं राहिलं.

शास्त्रातही योसेफाकडे पाहा. नियमशास्त्र त्याच्या बाजूने होतं. तरी त्याला मरीयेची बेअब्रू करायची नव्हती, आणि देवदूताने सांगितल्यावर त्याने तिला घरी आणलं. अलीशिबेने तर लग्नाआधी गरोदर असलेल्या मरीयेला जवळजवळ तीन महिने ठेवून घेतलं.

आता आपल्या मंडळीत काय होतं ते सांगते. माझ्या ओळखीची एक मुलगी गायनसंघात होती. एका रविवारी आली नाही, दुसऱ्याही नाही. नंतर कळलं, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या होत्या, आणि रक्त थांबेना तेव्हा आईला सांगितलं. तिला पोलिसांची भीती नव्हती. आमची होती: उपासनेनंतर अंगणात उभं राहून होणाऱ्या कुजबुजीची. तिचा गर्भपात कुठल्या कायद्याने घडवला नाही, आमच्या जिभांनी घडवला. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

या वाटेचे धोकेही मोजून घ्या. समुपदेशनाच्या नावाखाली मुलीला घाबरवणं, गर्भपाताने कर्करोग होतो असल्या खोट्या गोष्टी सांगणं म्हणजे मन पालटणं नव्हे, ती जबरदस्तीच. आणि सोबत राहूनही तिने गर्भपाताचाच निर्णय घेतला तर? मी तिला त्यासाठी घेऊन जाणार नाही, माझी सद्‌सद्विवेकबुद्धी तेवढी परवानगी देत नाही. पण नंतर वरणभात घेऊन तिच्या दारात उभी राहीन, ताप आला तर डॉक्टरकडे नेईन. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंना कायमचा दिला, त्याचा अर्थ मी असाच लावते.

तुमच्यासाठी माझं मत

दहातले आठ तास सोबतीला द्या. उरलेले दोन कायद्याला, पण नवी बंदी मागण्यासाठी नव्हे. लिंगनिदान करणाऱ्या केंद्राची तक्रार करायला, जबरदस्ती झालेल्या बाईला वकील मिळवून द्यायला. एखादा कार्यकर्ता बाल न्याय कायदा शिकून घेऊ द्या: मूल सांभाळणं शक्य नसलेली आई बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवू शकते, आणि विचार बदलायला तिला ६० दिवस मिळतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो, तिथे परस्पर काही मिटवू नका.

वर्गणीतून आधी सोनोग्राफीचा, बाळंतपणाचा, पहिल्या वर्षाच्या दुधाचा खर्च बाजूला काढा. आणि पुढच्या रविवारी कागद फिरवायचाच असेल तर त्यावर सही मागू नका. कुणाच्या घरी एक खोली सहा महिने मोकळी आहे, ते लिहून घ्या. आमच्या मंडळीत पहिल्या फेरीत तीनच नावं आली. तिघीही विधवा.