झोन दाखल्यातला 'अंशतः' : नाशिकला प्लॉट घेताना होणारी फसवणूक

नाशिकच्या आसपास प्लॉट खपवताना सर्रास दाखवला जाणारा कागद बऱ्याचदा अस्सल असतो. नगररचना विभागाचा झोन दाखला, सही-शिक्क्यानिशी. त्यावर गावाचे नाव, गट नंबर आणि खाली एक ओळ: सदर क्षेत्र अंशतः रहिवास विभागात व अंशतः शेती विभागात समाविष्ट आहे. एजंट 'रहिवास'वर बोट ठेवतो आणि 'येलो झोन आहे, बिनधास्त घ्या' म्हणतो. घेणाऱ्याचे पैसे अडकतात ते त्याच्या आधीच्या शब्दात.

झोन गट नंबरला लागत नाही, जागेला लागतो. विकास आराखड्यातली रेषा गटाचा बांध बघून वळत नाही. समजा, गट २ हेक्टरचा आहे. रस्त्याकडचे ४० आर पिवळ्यात, म्हणजे रहिवासात, मागचे १६० आर हिरव्यात, म्हणजे शेतीत. त्यावर चुन्याच्या फक्क्या मारून दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे ५० तुकडे पाडले, तर पिवळ्यात जेमतेम १० येतात. दाखला मात्र पन्नासही जणांना एकच दाखवला जातो. साइटवर नेतात तेव्हा गाडी रस्त्याकडच्या भागात थांबते, शेजारी दोन बंगले दिसतात, आणि तुमचा प्लॉट 'इथून चार प्लॉट सोडून' असतो. ते चार प्लॉट सोडले की रेषा संपलेली असते.

म्हणून नुसता दाखला मागू नका, भाग नकाशा मागा. भाग नकाशा म्हणजे आराखड्यातला तेवढाच तुकडा, ज्यावर झोनची रेषा, आरक्षणे आणि डीपी रोड, म्हणजे आराखड्यात आखलेले रस्ते, रुंदीसह दिसतात. जमीन महापालिका हद्दीत असेल तर तो महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो. बाहेर असेल तर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे किंवा जिल्ह्याच्या नगररचना शाखेत. अर्ज स्वतः करा. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स कामाची नाही, कारण त्यात नेमकी कडेची पट्टी कापलेली असू शकते. रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स तर मुळीच धरू नका. पिवळा आणि हिरवा त्यात एकसारखाच राखाडी दिसतो.

मग हा भाग नकाशा भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, बसवून घ्यावा लागतो. हे काम परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता करतो. दोन्हींचे प्रमाण जुळवून गटाच्या खुणेच्या दगडापासून तुमच्या प्लॉटचे चारही कोपरे किती मीटरवर आहेत, हे त्याच्याकडून लेखी घ्या. लाखोंचा व्यवहार करणारे लोक नेमका हाच खर्च वाचवायला जातात, आणि एजंटही 'मोजणीला महिने लागतात, तोवर भाव वाढेल' असे सांगून तिथेच घाई करतो.

'डीपी रोड टच' हे दुसरे आमिष. कुंभमेळा आणि रिंग रोडच्या बातम्यांपासून ते जास्तच चालते. रस्ता आज जागेवर नसतो, फक्त आराखड्यात असतो. १८ मीटरचा रस्ता प्लॉटला 'लागून' आहे की प्लॉटमधून जातो, हे भाग नकाशावर पट्टी ठेवल्याशिवाय कळत नाही. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. त्यातून तीन-चार मीटरची पट्टी गेली आणि समोरचे सामासिक अंतर, म्हणजे घरापुढे मोकळी सोडायची जागा, सोडले की घर बसवायला उरते ते अगदी थोडे. तपोवनाच्या बाजूला साधुग्रामचे, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाचे, आरक्षण आहे. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत जमीन मोकळी दिसते, म्हणून ती मोकळी ठरत नाही.

झोन कशासाठी असतात, हे समजले की पुष्कळ थापा आपोआप उघड्या पडतात. पिवळा भाग ठरवताना तिथे किती माणसे राहतील, त्यांना पाणी कुठून येईल, मलवाहिनी कुठे जाईल, रस्ते किती लागतील याचा हिशेब केलेला असतो. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या पट्ट्यात मळे आणि वस्ती शेजारी-शेजारी आहेत. मळ्यात बेकायदा घरे उभी राहिली की तिथे मलवाहिनी नसते. शोषखड्डे होतात आणि त्यांचे पाणी मुरते ते विहिरीत. गोदावरीची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. नासर्डी, वालदेवी, वाघाडीच्या काठचे 'रिव्हर टच' प्लॉट घेताना पूररेषा स्वतंत्रपणे बघा. झोन पिवळा आणि जागा निळ्या रेषेत, असेही होते.

आता नियमांच्या सोयीस्कर अर्थाबद्दल. त्यातले चार अर्थ वारंवार ऐकू येतात.

'गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, आपोआप एनए, म्हणजे बिनशेती.' जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आहे, हे खरे. पण ते जमीन बिनशेती मानण्यापुरते आहे, आणि त्यालाही विकास नियंत्रण नियमांची अट आहे. प्लॉट पाडायला अभिन्यास (ले-आऊट) मंजुरी आणि घराला बांधकाम परवानगी लागतेच.

'फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे.' गंगापूर धरण, गिरणारे, त्र्यंबक रस्ता या बाजूला ही मोठी विक्री आहे. शेती विभागात शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर क्षेत्र लागते. पाच गुंठ्यांवर शेतघर बसत नाही. वर, शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हे बोलणीत शेवटपर्यंत काढतच नाहीत.

'गुंठेवारीत नियमित होईल.' गुंठेवारीचा, म्हणजे विनापरवाना पाडलेले तुकडे नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. दुरुस्तीनंतर त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० आहे. त्यानंतर पाडलेला तुकडा त्यात बसत नाही. २०२५ मध्ये तुकडेबंदीत (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या व्यवहारावरच्या बंदीत) सूट मिळाली, तिचाही असाच अर्थ लावला जातो. तुकड्याचा व्यवहार वैध होणे वेगळे आणि त्या तुकड्यावर बांधकाम मंजूर होणे वेगळे.

'झोन बदलाचा प्रस्ताव गेलाय, सहा महिन्यांत पिवळा होईल.' महापालिका हद्दीतला फेरबदल एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली होतो. त्यात सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. प्रस्ताव गेला म्हणजे यातली पहिली पायरी झाली, तीही गेली असेल तर. अधिसूचना दाखवा म्हणा. ती नसेल तर हिरव्याच्याच भावाने बोला.

मंजूर ले-आऊट म्हणून जो नकाशा दाखवतात, त्यावर 'तात्पुरती' शब्द आहे का तेही बघा. तात्पुरत्या मंजुरीनंतर रस्ते, गटारी, खुली जागा प्रत्यक्ष करून मोजणी होते, मग अंतिम मंजुरी, मग भूमी अभिलेखचे कमी-जास्त पत्रक आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. क.जा.प. नसताना 'स्वतंत्र सातबारा देतो' म्हणत असतील तर हाती बहुधा सामायिक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावांत एक नाव येते. खात्यावर नाव लागते, पण त्या गटात तुमची जागा नेमकी कोणती, हे त्या कागदावर कुठेच नसते. रस्ता मोजा: २० फूट म्हणजे ६ मीटर. रहिवासी अभिन्यासात ९ मीटर लागतो. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. एजंटच्या नकाशात ती नसेल, तर तीही विकून झाली आहे.

एक खूण सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, सापडते. त्याच गटातल्या आधीच्या व्यवहारांच्या नकला काढा. मिळकतीचे वर्णन 'शेतजमीन' आणि क्षेत्र आरमध्ये असेल, तर विकणाऱ्याने सरकारदरबारी शेतीच विकली आहे, तुम्हाला तोंडी काहीही सांगितले असले तरी.

व्यवहार आधीच झाला असेल तर खरेदीखत पुन्हा वाचा. 'लिहून घेणार यांनी झोन व सर्व कागदपत्रांची खात्री केलेली आहे' असे वाक्य बहुतेक खतांत सापडते, आणि पुढे तेच तुमच्यासमोर ठेवले जाते. म्हणून 'येलो झोन' लिहिलेली पत्रके, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, भरणा पावत्या आजच तारखेसह जपून ठेवा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील, आणि नोंदणी नसेल तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. खरेदीखत रद्द करून घेण्याच्या दाव्याला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. बांधकाम परवानगी नाकारल्याचे पत्र हातात आले की ती कळल्याची तारीख नाकारणे अवघड जाते, तेव्हा ते पत्र घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.